धुऱ्यावरच्या झाडावरून वनस्पतिशास्त्रज्ञ कसा शोधायचा

शाळेत विज्ञान प्रदर्शन आलं की आमच्याकडचे पोट्टे "थोर वनस्पतिशास्त्रज्ञ" नावाचा चार्ट करतात. लिनियस, मेंडेल, जगदीशचंद्र बोस, फोटो चिकटवले, खाली जन्म-मृत्यू लिहिला, झालं. गुरुजींनी विचारलं, याचा आपल्या गावाशी काय संबंध, तं सगळे एकमेकांकडे पाहतात. म्हणून मी उलटं करायला सांगतो. माणसापासून सुरुवात करायचीच नाही, झाडापासून करायची. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जे झाड उभं आहे त्याच्या शास्त्रीय नावाला मागे एक शेपटी असते, अन् त्या शेपटीत माणूस लपलेला असतो, त्याला बाहेर काढायचा. लागतं काय, तं एक मोबाईल, जमेल तसं नेट, घरातली पेपरची रद्दी, बस्स.

पहिलं झाड रोजच्या ओळखीचं घ्या. तेंदू, मोह, पळस, आपटा, यातलं कोणतंही चालेल, नाही तं वावरातलंच घ्या, संत्रा किंवा सोयाबीन. नर्सरीतून आणलेलं शोभेचं झाड नको, त्याच्या जातीत लय मिसळ असते अन् नावातच गोंधळ होतो.

आता शास्त्रीय नाव काढायचं. गूगल लेन्स, आयनॅचरलिस्ट, प्लँटनेट, कोणतंही अॅप घ्या, पण नुसता पूर्ण झाडाचा लांबून फोटो टाकू नका, त्यातून काहीच निघत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, फूल असेल तं फूल, फळ, अन् खोडाची साल जवळून, असे वेगवेगळे फोटो घ्या. सालीचा फोटो लोक विसरतात अन् तिथंच फसतात. ऐन अन् अर्जुन ही दोन झाडं घ्या, दोघंही टर्मिनेलिया या एकाच गटातले, नुसत्या पानावरून अॅप कधी हे सांगते कधी ते. पण साल पाहिली तं प्रश्नच नाही, ऐनाची साल काळपट अन् मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, अर्जुनाची पांढरट गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. अन् अॅपने नाव दिलं म्हणून लगेच पक्कं धरू नका, गावात जे तेंदूपत्ता तोडायला जातात, मोहफुलं वेचतात, जडीबुटी देतात, त्यांना गावठी नाव विचारा अन् ते जुळतं का पाहा. नाव तिथंच लिहूनही ठेवा, मराठी, गोंडी, कोरकू, माडिया, जे सांगतील ते. पुढे कामात येईल.

शास्त्रीय नाव मिळालं की ते लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानाच्या "प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन" या साइटवर टाका. तिथं नावासोबत शेपटी दिसते. तेंदूचं येईल डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन, अन् मागे बारीक अक्षरात "रॉक्सब." ही झाली शेपटी. ज्याने त्या झाडाचं पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन छापलं त्याच्या नावाचं हे छोटं रूप. कोणतं छोटं रूप कोणाचं हे "इंटरनॅशनल प्लँट नेम्स इंडेक्स" या साइटवर सापडतं, फुकट आहे, लॉगिन लागत नाही.

कधी शेपटीत दोन नावं असतात, एक कंसात अन् एक बाहेर. हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला एकदम सोपं आहे, पूर्वी सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुन्या नावाला कंस व्हायचा अन् नवीन नाव लागायचं, तसंच. सोयाबीन पाहा, ग्लायसिन मॅक्स, मागे कंसात "एल." अन् बाहेर "मेर." म्हणजे १७५३ साली लिनियसने सोयाबीनला राजम्याच्या खात्यात, म्हणजे गटात, टाकलं होतं, १९१७ साली मेरिल नावाच्या माणसाने ते ग्लायसिनच्या खात्यावर आणलं. पहिल्याचं नाव पुसत नाहीत, कंसात ठेवतात. एवढं समजलं की अर्धं काम झालं.

आता एकेक शेपटी ओढून पाहू. तेंदूपासूनच घेतो, कारण मे महिन्यात तेंदूपत्त्याची फळी (पानं विकत घ्यायची जागा) लागली की आमच्याकडे अर्धं गाव जंगलात असतं.

रॉक्सब. म्हणजे विल्यम रॉक्सबर्ग, स्कॉटलंडचा, जन्म १७५१. डॉक्टर होऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला अन् डॉक्टरकीपेक्षा झाडांतच जास्त रमला. आंध्रात सामलकोटला त्याने बाग लावली. शेतकऱ्याला आवडेल अशी त्याची एक सवय सांगतो, तो रोज दिवसातून अनेकदा तापमान अन् हवेचा दाब लिहून ठेवायचा, वर्षानुवर्षं, अन् त्याच्या त्या नोंदी नंतरच्या संशोधकांना १७८९ नंतरच्या मोठ्या दुष्काळाचा अभ्यास करताना कामी आल्या. १७८७ च्या वादळपुरात त्याची पुस्तकं, कागद, वाळवून ठेवलेली झाडं, सगळं गेलं. माणूस तिथंच बसला असता, पण याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. १७९३ मध्ये कलकत्त्याच्या शिबपूर बागेचा प्रमुख झाला अन् १८१३ पर्यंत तिथं राहिला. इथल्याच चित्रकारांकडून त्याने अडीच हजारावर झाडांची चित्रं काढून घेतली. त्यातली ३०० कोरोमंडल किनाऱ्याच्या झाडांवरच्या मोठ्या पुस्तकात छापली गेली, पहिला भाग १७९५ चा, अन् त्यात आपला तेंदू आहे, पळस आहे, मोहही आहे. "बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी" या साइटवर ते पुस्तक रंगीत चित्रांसकट फुकट पाहता येते. फाइल जड आहे, गावात रेंज नसेल तं तालुक्याला गेल्यावर डाउनलोड करा. पळसाचं चित्र उघडा अन् खऱ्या पळसाची फांदी बाजूला धरून जुळवा, पोट्ट्यांना हे करायला द्याच, कळीवरची मखमल, तीन पानांचा झुपका, सगळं दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी बसून काढलेलं.

"कोणीतरी" म्हटलं, कारण रॉक्सबर्गच्या बहुतेक चित्रकारांची नावं कुठं धड लिहिलेलीच नाहीत. त्यावर पुढे येतो.

रॉक्सबर्ग १८१५ मध्ये एडिनबरोला वारला तेव्हा त्याचा मोठा ग्रंथ, फ्लोरा इंडिका, छापायचाच राहिला होता. तो छापला कोणी? सेरामपूरच्या विल्यम केरीने, तो मिशनरी होता अन् झाडांचा नादीही. १८२० पासून भाग निघाले, पूर्ण १८३२ मध्ये आला. अन् आपल्या जंगलात कुंभीचं झाड असते ना, जाड पानांचं, उन्हाळ्यात मोठ्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचं, त्याचं शास्त्रीय नाव केरीया आर्बोरिया, शेपटी पुन्हा रॉक्सब. म्हणजे दोस्ताचं नाव झाडाला दिलं अन् त्याच दोस्ताने मेल्यावर पुस्तक छापलं. एका शेपटीवरून दोन माणसं निघाली, अशीच निघत जातात.

मोहाची शेपटी तं आणखी लांब जाते. मधुका लाँजिफोलिया, कंसात केनिग, बाहेर मॅकब्राइड. (आपल्याकडचा रुंद पानाचा मोह म्हणजे त्यातलाच लॅटिफोलिया प्रकार, त्याच्या मागे परत रॉक्सबर्ग दिसेल, काही पुस्तकांत मधुका इंडिका लिहिलेलं असते, घाबरू नका.) योहान गेरहार्ड केनिग हा लिनियसचा स्वतःचा विद्यार्थी, बाल्टिकच्या बाजूचा. १७६८ मध्ये तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिश मिशनचा डॉक्टर म्हणून आला. पगार पुरेना म्हणून अर्काटच्या नवाबाकडे नोकरी, मग कंपनीकडे, सयाम-मलाक्कापर्यंत फिरून आला. १७८५ मध्ये काकीनाड्याजवळ हगवणीने गेला, शेवटी त्याची शुश्रूषा करणारा डॉक्टर कोण होता तं हाच रॉक्सबर्ग. म्हणजे स्वीडनमधला गुरू, त्याचा चेला केनिग, त्याच्या खाटेपाशी बसलेला रॉक्सबर्ग, अन् हे सगळं तुमच्या गोठ्यामागच्या मोहाच्या नावात आहे.

बाहेरचा मॅकब्राइड हा अमेरिकेचा, शिकागोच्या फील्ड म्युझियमचा. त्याने १९२९ पासून दहाएक वर्षं युरोपातल्या संग्रहांत जाऊन वाळवलेल्या नमुन्यांचे ४० हजारांवर फोटो काढले, मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या झाडांचे. किचकट, कंटाळवाणं काम, लोक म्हणत असतील काहून करतो बाप्पा. १९४३ मध्ये बर्लिनच्या संग्रहावर बॉम्ब पडले, बहुतेक सगळं जळालं. तिथल्या कित्येक नमुन्यांचं आज मॅकब्राइडच्या फोटोशिवाय काही उरलं नाही.

लिनियसवर मी जास्त वेळ घालवत नाही, त्याच्यावर नेटवर ढीगभर आहे. एवढं लक्षात ठेवा की नुसतं "एल." म्हणजे तो, अन् "एल.एफ." म्हणजे त्याचा पोरगा. सागवानामागे एल.एफ., बिब्ब्यामागेही एल.एफ. वड, पिंपळ, आंबा, चिंच, आवळा, एरंडी, तीळ, देशी कापूस, सगळ्यांना एल. तो भारतात कधी आला नाही. घरी बसून एवढ्या दूरची झाडं त्याने लिहिली कशी, हा प्रश्न पोट्ट्यांना पडला पाहिजे, अन् त्याचं उत्तर म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेले वाळके नमुने अन् दुसऱ्यांची पुस्तकं. बाप गेला १७७८ ला, पोरगा १७८३ ला, मग तो सगळा संग्रह इंग्लंडच्या जेम्स स्मिथ नावाच्या तरुणाने १,००० गिनींना विकत घेतला, म्हणून तो आज स्वीडनमध्ये नाही, लंडनला आहे.

पळसामागे कंसात लॅमार्क, तोच, जिराफाची मान ताणून ताणून लांब झाली म्हणणारा, शाळेत त्याला नुसता चुकलेला म्हणून शिकवतात. त्याने पळस पांगाऱ्याच्या खात्यात टाकला होता, फुलं पाहिली तं वाटूच शकते तसं. बोरामागे अन् आपट्यामागेही लॅमार्कच आहे. म्हातारपणी आंधळा झाला, गरिबीत गेला.

आपट्याची गंमत वेगळीच आहे, इथं शेपटीत नाही तं डोक्यात माणूस आहे. बाउहिनिया रॅसिमोझा. बाउहिन हे दोन भाऊ होते, योहान अन् कास्पर, सोळाव्या-सतराव्या शतकातले, दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. धाकट्या कास्परचं १६२३ चं पुस्तक म्हणजे तोवरच्या सगळ्या झाडांच्या नावांची जंत्री. आपट्याच्या पानाचे दोन सारखे भाग मुळाशी जोडलेले असतात, म्हणून दोन भावांचं नाव शोभतं, असं लिनियसनेच लिहून ठेवलंय. दसऱ्याला सोनं वाटताना हे सांगून पाहा, पाच मिनिटं तरी लोक पान हातात धरून पाहतात.

आता संत्रा. वरूड-मोर्शी-काटोलकडच्यांसाठी हे खास. सिट्रस रेटिक्युलाटा, शेपटी "ब्लँको". फ्रान्सिस्को मॅन्युएल ब्लँको, जन्म १७७८, स्पेनचा पाद्री, फिलिपिन्समध्ये आयुष्य काढलं. धर्माचं काम करता करता तिथल्या झाडांवर मोठं पुस्तक लिहिलं, १८३७ मध्ये मनिलात छापलं, त्यात हे संत्र्याचं नाव. पण त्याने केलं काय, तं वर्णनं लिहिली अन् झाडं वाळवून ठेवलीच नाहीत. मागून येणारे बसले डोकं खाजवत, याने लिहिलेलं हे झाड म्हणजे नेमकं कोणतं? तो गुंता सोडवायला जो बसला तो म्हणजे मघाचा सोयाबीनवाला, एल्मर मेरिल. १९०२ मध्ये अमेरिकेतून मनिलाला आला, वीसेक वर्षं राहिला. ब्लँको जिथं फिरला त्या भागात जाऊन, गावठी नावं विचारून, त्याने एकेक झाड पुन्हा गोळा केलं अन् १९१८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. म्हणजे आपल्या एकाच वावरात संत्रा अन् सोयाबीन असेल तं समजा दोघंही तिथंच आहेत, गोंधळ घालणारा अन् निस्तरणारा.

मेरिलने मनिलात मोठा संग्रह उभा केला तो दुसऱ्या महायुद्धात जळाला. पण त्याने प्रत्येक झाडाचे जादा नमुने करून जगभरच्या संग्रहांना आधीच वाटले होते, म्हणून सगळं बुडालं नाही.

हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठं चाललो. नुसता चार्ट करून भागत नाही, झाड वाळवून ठेवा, अन् एक नाही, दोन नमुने करा.

वाळवायची पद्धत जुनीच आहे, इटलीतल्या लुका गिनीने सोळाव्या शतकात ही शिकवायला सुरुवात केली असं मानतात, अन् आजही तीच चालते. फुलासकट किंवा फळासकट एक वीतभराहून थोडी मोठी फांदी घ्या, नुसती पानं नको. रद्दी पेपरच्या घडीत पसरवा, एक-दोन पानं उलटी ठेवा म्हणजे खालची बाजूही दिसेल. अशा घड्या एकावर एक रचून वरखाली प्लायवूडच्या फळ्या अन् दोरीने करकचून बांधा, फळी नसेल तं पाट अन् वर दगड. पहिले काही दिवस रोज पेपर बदला, पावसाळ्यात तं दिवसातून दोनदा, नाही तं बुरशी येऊन फांदी काळी पडते. मोहाचं फूल रसाळ, ते वाळताना चिकटतं अन् रंग जातो, म्हणून मोहाला पहाटे झाडाखाली गेले असतानाच रंग, वास, पाकळीचा गर कसा लागतो ते वहीत लिहून घ्या. तेंदूचं फळ जाड, ते कापून वाळवा, पण देठावरची पाकळ्यांसारखी टोपी तुटू देऊ नका, ओळख तिच्यावरच पटते.

कशाला हात लावू नये हेही सांगतो. बिब्बा उततो, सगळ्यांना माहीत आहे, तरी पोट्टे चीक लावून घेतात. खाजकुहिलीची शेंग नको. गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका. अन् ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा अशा राखीव जंगलातून पानही तोडायचं नाही, परवानगी लागते, तिथं फक्त फोटो. धुऱ्यावरचं, गावठाणातलं, स्वतःच्या वावरातलं भरपूर आहे.

वाळलं की जाड ड्रॉइंग शीटवर, साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटर, सुईदोऱ्याने टाका घालून किंवा कागदाच्या पट्टीला डिंक लावून बसवा. सेलोटेप नको, काही वर्षांत पिवळा पडून सुटते. कीड लागू नये म्हणून डबीत डांबराच्या गोळ्या.

शेपटीत जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी चार्टमध्ये वेगळी जागा ठेवा, हे मी मुद्दाम करायला लावतो. सतराव्या शतकात डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या झाडांवर १२ भागांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३, लिनियसनेही पुढे तो वापरला. त्यातली औषधी माहिती दिली इट्टी अच्युदन या केरळी वैद्याने, अन् रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी. यांची नावं निदान ग्रंथात तरी आहेत. रॉबर्ट वाइट या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानेही आपले चित्रकार रुंगिया अन् गोविंदू यांची नावं लिहिली. अन् बायांचं विचाराल तं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची बोगनवेल दाखवा. ते नाव जहाजाचा कप्तान बोगनव्हिलचं, दिलं कॉमर्सन या शास्त्रज्ञाने, १७६६ ला निघालेल्या सफरीत. त्याच्यासोबत झाडं गोळा करत, ओझं वाहत फिरणारा "नोकर" म्हणजे ज्यान बारे नावाची बाई होती, फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बायांना बंदी म्हणून पुरुषाचे कपडे घालून गेलेली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली माहीत असलेली बाई. तिच्या नावाचं झाड यायला २०१२ उजाडलं, वांग्याच्या कुळातलं एक.

आपल्या लोकांपैकी जानकी अम्माळ घ्या, १८९७ ते १९८४, गुणसूत्रं मोजणारी, कोइमतूरला उसावर काम केलेली. नाही तं बिरबल साहनी, दगड झालेल्या जुन्या झाडांचा अभ्यास करणारे, त्यांचं तं काम आपल्या शेजारीच, नागपूरची हद्द ओलांडली की छिंदवाड्याकडे मोहगाव कलान आहे, तिथं लाव्हाच्या थरांच्या मधल्या गारगोटीसारख्या दगडांत कोट्यवधी वर्षांपूर्वीची फळं-फुलं सापडतात, त्यांवर साहनींनी १९३० च्या दशकात लिहिलं. स्वतःच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ ला बसली अन् १० तारखेला ते गेले.

शेवटचं काम लेबलचं. शीटच्या खाली उजव्या कोपऱ्यात चिकटवा. शेपटीसकट शास्त्रीय नाव, गावठी नावं, जागा नीट (नुसतं गाव नाही, कोणत्या नाल्याकाठी, कोणाच्या धुऱ्यावर), तारीख, झाड केवढं, फुलाचा ताजा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव, अन् गावठी नाव ज्याने सांगितलं त्या आजीचं किंवा मामाचं नाव, त्यांना आधी विचारून. हे शेवटचं कॉलम छापील नमुन्यात नसते, तुम्ही घाला. एक शीट शाळेत ठेवा, दुसरी जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात द्या, फोटो काढून ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीलाही द्या, त्यांची लोक जैवविविधता नोंदवही असते, बऱ्याच ठिकाणी ती कपाटात असते, मागितली की निघते. लेबल पेन्सिलने लिहा, जेल पेनची शाई पहिल्या पावसाळ्यातच पसरते.